चामड्यासाठी जुनी जड मशीन घेताना: गाळ्यावर जाऊन नेमके काय तपासायचे

जुन्या मशीनच्या बाजारात सगळ्यात स्वस्त शब्द कोणता असेल तर ‘हेवी ड्यूटी’. साधी शर्टाची मशीन असो, जीन्सची असो की खरोखर चामडे शिवणारी, विकणाऱ्याच्या तोंडी तिघींचे नाव एकच असते. ठाणे जिल्ह्यात हा गोंधळ जरा जास्तच होतो, कारण उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतून सुटलेल्या मशीन मोठ्या संख्येने फिरत असतात आणि ‘सहा थर डेनिम शिवते, चामडं काय चीज आहे’ असे सांगून पुढे सरकवल्या जातात. सहा थर डेनिम ती शिवते, यात खोटे काही नाही. पण चामड्याचे दुखणे जाडीत नसते. वरचा थर पायाखाली चिकटतो आणि खालचा पुढे सरकतो, खरा त्रास तिथे होतो. म्हणून मशीनचे वजन किंवा मोटारीचा हॉर्सपॉवर विचारण्याआधी एकच गोष्ट पाहा: माल पुढे कोण ढकलते?

जीन्सच्या मशीनमध्ये फक्त खालचे दाते ढकलतात. वरचा पाय नुसता दाबून बसतो. रेक्झिन किंवा मऊ चामड्यावर शिवण संपते तेव्हा वरचा तुकडा अर्धा सेंटिमीटर मागे राहिलेला दिसतो, शिवाय खालच्या बाजूला दात्यांचे ओरखडे उठतात. चामड्याला हवी कंपाउंड फीड, जिला बाजारात ट्रिपल फीड किंवा वॉकिंग फूटही म्हणतात. हिच्यात सुई माल टोचलेल्या अवस्थेतच पुढे सरकते, तिच्याबरोबर आतला पाय आणि खालचे दातेही सरकतात, आणि तेवढ्या वेळात बाहेरचा पाय वर उचललेला असतो. नंतर बाहेरचा पाय माल धरतो आणि बाकीचे तिघे मागे येतात. चाक हाताने हळू फिरवले की हा खेळ डोळ्यांना दिसतो. पाय दोन नसतील, किंवा दोन असून आळीपाळीने उचलत नसतील, तर किंमत कितीही गोड असली तरी ती मशीन चामड्याची नाही.

आणखी सोपी खूण म्हणजे सुई. मशीनमध्ये चालणाऱ्या सुयांचे पाकीट मागा. पाकिटावर ‘डीबी × १’ असेल तर ती कपड्याची मशीन. ‘डीपी × १७’ किंवा ‘१३५ × १७’ असेल तर कंपाउंड फीडचे घराणे. जर्मन मशीनला बहुधा ‘१३४-३५’ लागते आणि ४४१ वर्गाच्या, म्हणजे जाड पट्टे शिवणाऱ्या राक्षसाला ‘७९४’. डीबी × १ चा दांडा जेमतेम १.६ मिलिमीटर जाड असतो, डीपी × १७ चा २ मिलिमीटर आणि सुई लांबीलाही जास्त. हा फरक पाकीट नसले तरी नुसत्या डोळ्यांनी कळतो.

आधी काम ठरवा, मग मशीन

जाण्यापूर्वी कागदावर तीन आकडे लिहा: सगळ्यात पातळ शिवण किती जाड, सगळ्यात जाड किती, आणि धागा कोणता. पर्स, लॅपटॉप बॅग, सीट कव्हर, सोफा यांचे काम २ ते ८ मिलिमीटरमध्ये आणि टेक्स ७० ते १३५ च्या बाँडेड नायलॉनवर (तंतू एकमेकांना चिकटवलेला धागा) भागते. टेक्स हे धाग्याच्या जाडीचे माप, आकडा मोठा तितका धागा जाड. याला सपाट पटाची कंपाउंड फीड पुरते. ज्युकीच्या डीएनयू-१५४१ आणि एलयू-५६३, कॉनस्यूची २०६ आरबी, सिंगरची १११ डब्ल्यू, फाफची ५४५, सेइकोची एसटीएच-८ ही या वर्गातली जुन्यात दिसणारी नावे. १५४१ चा टाका ९ मिलिमीटरपर्यंत जातो आणि गुडघा-लिफ्टरने पाय १६ मिलिमीटर उचलतो. पण पाय १६ उचलतो याचा अर्थ १६ मिलिमीटर शिवते असा नव्हे. या वर्गाकडून ९–१० मिलिमीटरच्या वर रोजचे काम घेऊ नका, आणि टेक्स २१० धाग्यावर ती ओढाताण करू लागते.

पिशवीचे गोल तळ, हँडलची मुळे, पाकिटाची किनार असले वळणाचे काम जास्त असेल तर सिलिंडर बेड (सपाट पटाऐवजी नळीसारखा गोल हात असलेली) पाहा, उदाहरणार्थ फाफ ३३५ किंवा अ‍ॅडलर ६९. बूट-चपलेच्या वरच्या भागासाठी पोस्ट बेड, जिच्यात शिवायची जागा उभ्या खांबावर असते. जाड पट्टे, घोड्याचे सामान, गाड्या ओढायचे नेवारपट्टे यांना ज्युकी टीएससी-४४१ किंवा तिच्या चिनी नकला लागतात, ज्या पाऊण इंचापर्यंत शिवतात. मात्र ही मोठी मशीन ‘सगळ्यातच चालेल’ म्हणून घेऊ नये. तिच्या प्लेटचे छिद्र आणि सुया मोठ्या असतात. पातळ चामडे त्या छिद्रात ओढले जाते आणि टेक्स ७० धाग्याचा टाका कधी नीट बसत नाही. पट्टे आणि पाकिटे दोन्ही करायची असतील तर दोन मशीन लागतात, हे आधीच मान्य केलेले बरे.

चांभारकामाची जुनी लांब हाताची पॅच मशीन, सिंगर २९के किंवा तिची नक्कल, हा वेगळाच जीव. तिचा पाय ३६० अंशांत फिरतो आणि तोच माल ओढतो, म्हणून बुटाच्या आत, बॅगेच्या कोपऱ्यात ती कुठेही पोचते. दुरुस्तीला तिच्यासारखी नाही. परंतु बॉबिन लहान, धागा टेक्स ९० च्या आसपासच, आणि टाके एकसारखे येतील ही आशा सोडायची. तिच्यावर नव्या बॅगांचा धंदा उभा करायला निघालेले लोक सहा महिन्यांत दुसरी मशीन शोधतात. (नावातला ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधले किलबोवी. तो क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, तेव्हा ‘मूळ सिंगरचा पार्ट आहे’ असे कुणी म्हणाले तर तो किती जुना असणार याचा हिशोब करा.)

सोबत न्यायची पिशवी

ही पिशवी नसेल तर जाऊच नका, कारण विक्रेत्याकडे ठेवलेला तुकडा नेहमी त्या मशीनला आवडणाराच असतो. घ्या: स्वतःच्या कामातले चामडे, २ थर मिळून ३ मिलिमीटर होईल असे आणि ८–९ मिलिमीटरचा थप्पा करता येईल इतके, रेक्झिन-फोमचा तुकडा, टेक्स ७० आणि टेक्स १३५ बाँडेड नायलॉन, प्रत्येकी दोन रंगांत, १८, २२ आणि २३ नंबरच्या नव्या सुया, टॉर्च, भिंग, लहान-मोठा स्क्रूड्रायव्हर, सहा इंची स्टीलची पट्टी, पांढरा कागद आणि विजेचा टेस्टर. चामडे नसेल तर आधी धारावीत जाऊन तुकडे घ्या. तिथे कातरण वजनावर मिळते.

सुई आणि धाग्याचा मेळ असा: टेक्स ७० ला १६ ते १८ नंबर, टेक्स ९० ला १८–१९, टेक्स १३५ ला २२–२३, टेक्स २१० ला २४, टेक्स २७० ला २५. धाग्याच्या रिळावर मेट्रिक तिकीट नंबर असेल तर ४० म्हणजे टेक्स ७०, ३० म्हणजे ९०, २० म्हणजे १३५. इथे नंबर जितका लहान तितका धागा जाड, हे नव्या माणसाला हमखास उलटे वाटते.

वीज बंद ठेवून पहिली वीस मिनिटे

मशीन आधीच चालू करून ठेवली असेल तर बंद करायला सांगा. आवाज आणि वेग यांच्याखाली दोष लपतात.

रंगापासून सुरुवात करा. नवा चकचकीत रंग म्हणजे वाईट असे नाही. पण मॉडेलची पाटी रिव्हेट केलेली आहे की चिकटवलेली, तिच्यावरचा नंबर आणि बिडावरचा सीरियल नंबर जुळतो का, हे बघा. स्टिकर कुणीही लावू शकतो, ओतीव अक्षरे सहजासहजी बदलत नाहीत. मग टॉर्च घेऊन हाताच्या मुळाशी आणि पटाच्या कडांना चीर किंवा वेल्डिंगची रेघ शोधा. बीड तुटून जोडलेले दिसले की तिथेच थांबा. स्क्रूंची डोकी पाहा: चावलेली, गोल झालेली डोकी म्हणजे मशीन वारंवार उघडली गेली, आणि उघडणाऱ्याला योग्य पान्याची सवय नव्हती.

आपल्याकडे पाण्याचा प्रश्न वेगळाच. खाडीकाठचे, नाल्यालगतचे, तळमजल्याचे गाळे पावसात तुंबतात. स्टँडच्या पायांवर एका उंचीला गंजाची आडवी रेघ, टेबलाच्या प्लायवुडच्या कडा फुगलेल्या, मोटारीच्या तळाशी माती, यांतले दोन दिसले तरी मशीन पाण्यात उभी होती असे धरून चाला. बाहेरचा वरवरचा गंज घासून जातो. सुईदांडी आणि पायाची दांडी मात्र बोट फिरवून बघा. त्यांच्यावर खड्डे पडले असतील तर त्या बुशला, म्हणजे ज्या नळीतून त्या सरकतात तिला, कानशीसारख्या घासत राहतील.

आता चाक हाताने, वरची कड स्वतःकडे येईल अशा दिशेने, दहा-बारा फेरे हळू फिरवा. प्रत्येक फेरीत एकाच जागी जड लागत असेल तर काहीतरी घासते आहे. सगळीकडे सारखेच जड लागत असेल तर बहुतेक वेळा जुने तेल सुकून गोंद झालेले असते, आणि तो दोष नव्हे, भाव कमी करायची संधी आहे. पूर्ण गच्च मशीन मात्र ‘तेल टाकलं की सुटेल’ या शब्दावर घेऊ नका.

सुई मध्यावर आणा, एका हाताने चाक घट्ट धरा आणि दुसऱ्याने सुईदांडी वर-खाली, मग डावी-उजवी हलवा. किंचित जाणवेल इतके चालते. ‘टक’ असा आवाज आला किंवा बाजूला डोळ्यांना दिसेल इतकी हलली, तर जाड चामड्यात सुई वाकून हुकावर आपटणार. असाच खेळ दोन्ही पायांना आणि दात्यांना करून बघा. कंपाउंड फीडमध्ये सांधे पुष्कळ, आणि प्रत्येकातला केसभर ढिलेपणा मिळून टाक्याच्या लांबीत उतरतो.

पायांची उचल बघताना पट्टी वापरायची युक्ती चांगली आहे: बाहेरच्या पायाखाली पट्टी धरून तो किती उचलतो ते मोजा, मग आतल्याखाली. दोन्ही साधारण सारखे हवेत. फरक असेल तर तो बहुधा सेटिंगचा असतो, मेकॅनिक अर्ध्या तासात लावतो. पण उचल कमी-जास्त करायचा स्क्रू शेवटच्या टोकाला गेलेला असेल तर तो झिजेचा फरक आहे, सेटिंगने जाणार नाही.

हुक: इथे घाई करू नका

प्लेट आणि सरकपट्टी काढा, बॉबिन काढा, टॉर्च आणि भिंग घ्या. मशीनचे अर्धे आयुष्य या मुठीएवढ्या जागेत लिहिलेले असते.

हुक म्हणजे सुईने खाली आणलेला धागा पकडून टाका बांधणारा फिरता भाग. त्याचे टोक नखाने चाचपा. नख अडले तर तिथे सुईने घाव घातलेला आहे. बारीक काटा असेल तर हजार नंबरच्या पॉलिश पेपरने तो जातो. टोकच बोथट किंवा आखूड झाले असेल तर हुक बदलावा लागेल, आणि मूळ कंपनीचा हुक म्हणजे मशीनच्या किमतीतला दखल घेण्याजोगा हिस्सा. म्हणून त्या मॉडेलचा हुक, बॉबिन-केस आणि दाते आज दुकानात मिळतात का, हे मशीन बघायला निघण्यापूर्वीच फोनवर विचारून ठेवा. न मिळणारा एक पार्ट स्वस्त मशीनला महाग करतो. जपानी वापरलेली मशीन आणि सध्या मिळणारी चिनी नक्कल यांच्यात निवड करायची वेळ आली, तर अनेकदा याच कारणाने नक्कल बरी ठरते.

नंतर टायमिंग, म्हणजे सुई आणि हुक नेमक्या वेळी भेटतात का. नवी सुई लावा. सुईला खाच कुठल्या बाजूला हवी ते आधी ठरवा: लांब खोबण धागा येतो त्या बाजूला, छोटी खाच हुकाकडे. सुई तळाला नेऊन चाक फिरवत राहा. ती तळापासून सुमारे २ ते २.५ मिलिमीटर वर आली की हुकाचे टोक नेमके सुईच्या मध्यावर, नेढ्याच्या थोडे वर असले पाहिजे. टोक आणि सुई यांत जेमतेम कागदाइतके, ०.०५ ते ०.१ मिलिमीटर अंतर. त्याहून जास्त असेल तर टाके सुटतील, कमी असेल तर सुई मोडेल. विक्रेत्याने वेगळ्या लांबीची सुई लावून टायमिंग तिच्यावर बसवून ठेवले असेल तर तुमची योग्य सुई लावताच हे गणित बिघडलेले दिसेल. ही लबाडीच असते असे नाही, पूर्वीच्या कारागिराला मिळाली ती सुई त्याने चालवलेली असते.

इथे एक गोष्ट ठाऊक असली तर सौदा चांगला होतो. सिंगर १११ डब्ल्यू, कॉनस्यू २०६ आरबी आणि त्यांच्या वंशातल्या मशीनमध्ये खालच्या शाफ्टवर सेफ्टी क्लच असतो. धागा हुकात अडकला की तो सुटतो, म्हणजे सुई चालते पण हुक थांबतो, आणि दोघांचा मेळ तुटतो. ‘टायमिंग गेलंय, बाकी मशीन ओके’ म्हणून स्वस्तात निघालेल्या मशीनला कधीकधी एवढेच झालेले असते. अडकलेला धागा काढा, पटावरचे बटण दाबून धरा आणि चाक जोर लावून फिरवा. क्लच ‘खट्’ आवाजाने बसला की टायमिंग परत जागेवर. १५४१ मध्ये हा क्लच नावापुढे ‘एस’ असलेल्या प्रकारात येतो. पुन्हा पुन्हा, हलक्या कामातही सुटत असेल तर क्लचच झिजला आहे.

मशीन मागे वाकवून टायमिंग बेल्टही बघा. दात झडलेले, पाठीवर आडव्या चिरा, तेलाने फुगलेला रबर, यांतले काहीही असेल तर बदलायचाच. बेल्ट स्वस्त असतो. तो बदलायला शाफ्ट काढावी लागते, ती मजुरी नाही.

मोटार आणि वीज

ठाणे-नवी मुंबईत घरगुती मीटर सिंगल फेज २३० व्होल्टचे, तर वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, पावणे अशा औद्योगिक पट्ट्यांतल्या गाळ्यांमध्ये थ्री फेज असते. गाळ्यात छान चाललेली मशीन कळव्यातल्या घरी आणल्यावर चालूच होत नाही, याचे कारण बहुधा एवढेच. मोटारीवरची पाटी वाचा: व्होल्ट, फेज, हर्ट्झ. जपानहून आलेल्या मशीनवर १०० व्होल्ट लिहिलेले सापडते. ती थेट लावली तर धूर होईल.

जुन्या क्लच मोटारी (सतत फिरणाऱ्या, पायडल दाबल्यावर मशीनला जोडल्या जाणाऱ्या) आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला साधारण २८५० फेरे घेतात. मोटारीची पुली ७५ मिलिमीटर आणि चाकाची १०० असेल तर सुमारे २१४० टाके मिनिटाला, जो वेग चामड्यावर कोपरा वळवणाऱ्याच्या बोटांना धोकादायक आहे. मोटारीवर ५० ची पुली लावली तरी १४२५ होतात. सर्वो मोटार, जिचा वेग हवा तसा ठरवता येतो, हाच खरा उपाय. ५५० किंवा ७५० वॅटची, २३० व्होल्ट सिंगल फेजची घ्या. ती ५०० फेऱ्यांवर ठेवली आणि ५० ची पुली लावली की २५० टाके, म्हणजे सेकंदाला चार, तेही पायडल पूर्ण दाबल्यावर. पुली लहान केल्याने वेग घटतो तसा जोर वाढतो, म्हणून जाड कामात एक-एक टाका टाकता येतो. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक फायदा: सर्वो पायडल दाबेपर्यंत गप्प असते, क्लच मोटार दिवसभर गुणगुणते आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

सौदा ठरवताना सर्वोचा भाव मशीनच्या भावातून वजा करूनच बोला. थ्री फेज मोटार असेल आणि चाक उलटे फिरत असेल तर कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते. चालू होताना नुसती हुंकारत असेल आणि फिरत नसेल तर एक फेज नाही. लगेच बंद करा, वाइंडिंग जळते. चालू असताना मशीनच्या धातूला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर अर्थिंग नाही.

आता शिवून बघा

वर पांढरा, खाली काळा धागा. जाडी दोन्हीची सारखी. दोन रंग असले की गाठ कुठे पडते ते लपत नाही: वर काळे ठिपके दिसले तर वरचे टेन्शन जास्त किंवा खालचे कमी, खाली पांढरे दिसले तर उलट. गाठ चामड्याच्या पोटात जाईपर्यंत टेन्शन फिरवत राहा. नट पूर्ण आवळूनही गाठ वर येत नसेल तर टेन्शनच्या चकत्या काढून बघा. नायलॉन धाग्याने त्यांत खोबण पडलेली असते, किंवा आत मेण आणि धूळ बसलेली असते. दुसरे फुकटात सुटते.

पहिली शिवण ३ मिलिमीटरवर, टाका ४ मिलिमीटर ठेवून. सुरुवातीला दोन्ही धागे हातात धरा, नाहीतर खाली घरटे होईल आणि दोष मशीनचा वाटेल. फूटभर शिवा, दहा टाके पट्टीने मोजा: ४० मिलिमीटर यायला हवेत. मग थांबून उलटा टाका घ्या. पाच पुढे, पाच मागे. मागचे टाके त्याच छिद्रांत पडले तर फीड निरोगी आहे. प्रत्येक वेळी अर्धा टाका सरकत असेल तर पुढची-मागची लांबी जुळत नाही. सेटिंगने बहुधा सुटते, पण ते विक्रेत्याकडूनच सुटू द्या, पैसे देण्याआधी.

दुसरी शिवण पायरीवर. ३ मिलिमीटरवरून एकदम ९ वर चढवा आणि पुन्हा उतरवा, मशीनला हात न लावता. इथे निम्म्या मशीन उघड्या पडतात. चढताना एखादा टाका थोडा आखूड झाला तर हरकत नाही. दोन-तीन टाके एकाच जागी पडले तर उचल अपुरी आहे किंवा पायाचा दाब कमी. टाका सुटला तर सुई बाहेर येताना चामड्याला सोबत उचलते आहे. दाब वाढवून पुन्हा करा. दाब वाढवूनही सुटत असेल तर वर सांगितलेले सुईदांडीचे ढिलेपण किंवा हुकाचे अंतर आठवा.

मग जाड धागा लावून ९ मिलिमीटर सलग, कोपरा वळवून. धागा केसाळ होऊन तुटत असेल तर आधी सुई मोठी करा, नंतर धागा जिथे जिथे स्पर्श करतो तिथे बोट फिरवून खरबरीत जागा शोधा: प्लेटचे छिद्र, पायाचे छिद्र, धागा ओढणारी पट्टी, बॉबिन-केसची कड. शेवटी रेक्झिन-फोम. वरचा आणि खालचा तुकडा सारख्या लांबीचे कापून एका फुटाची शिवण घाला. शेवटी दोन मिलिमीटरच्या वर फरक पडला तर बाहेरच्या पायाचा दाब फार जास्त आहे, नाहीतर आतल्या पायाची चाल सुईशी जुळत नाही.

सुयांबद्दल एक. चामड्याला कापणाऱ्या टोकाची सुई लागते, १३५ × १६. त्यातही ‘एलआर’ टोकाचा टाका किंचित तिरपा दिसतो, ‘एस’ टोकाचा सरळ ओळीत. रेक्झिन, कॅनव्हास, नेवार यांना गोल टोकाची १३५ × १७. कापणारी सुई रेक्झिनवर लावली तर शिवणीच्या ओळीवर तिकिटासारखी भोके पडून ते तिथूनच फाटते, आणि नेवारीचे तर धागेच कापले जातात. परीक्षेच्या वेळी विक्रेत्याने कोणती सुई लावली आहे हे म्हणून विचारायचे.

तेल पोचते का ते बघायला मशीन धागा काढून, पाय वर ठेवून चालवा आणि हुकाशेजारी पांढरा कागद काही सेकंद धरा. तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे. कोरडा कागद म्हणजे वात सुकलेली किंवा नळी तुंबलेली. कागद भिजला तर तेल जास्त येते, आणि उद्या ते तुमच्या फिक्या रंगाच्या चामड्यावर असणार.

भाव आणि पावती

‘भाऊ, ही आधी कुठल्या कामावर होती?’ हा प्रश्न भावाआधी विचारा. सीट कव्हरवर चाललेली मशीन दिवसाला आठ-दहा तास पळालेली असते, पण तिची देखभालही बहुधा झालेली असते. दोन वर्षे ताडपत्रीखाली पडून असलेली मशीन वापरात कमी आणि गंजात जास्त.

भाव ठरवायची सरळ पद्धत: त्याच वर्गाच्या नव्या मशीनचा त्या दिवसाचा भाव दोन दुकानांतून घ्या. त्यातून सर्वो, हुक, बेल्ट, दाते, मेकॅनिकची एक फेरी आणि टेम्पो असे जे जे लागणार ते वजा करा. उरलेल्याच्या निम्म्याहून जास्त मागत असेल तर नवी नक्कल घ्यावी, हे आमचे मत. बंद पडलेल्या कारखान्याचा लॉट असेल तर मशीनवर बँकेचे कर्ज नाही असे पावतीतच लिहून घ्या. पावतीवर मॉडेल, सीरियल नंबर, सोबत काय काय दिले, आणि आठ दिवसांत मोठा दोष निघाल्यास काय, हे हवे. सोबत काय मागायचे: जादा बॉबिन, बॉबिन-केस, गुडघा-लिफ्टर, धाग्याचा स्टँड, पाय आणि प्लेटचे जोड. सुटे घेतले तर हेच सामान खिशाला भारी पडते, आणि बऱ्याच गाळ्यांत ते कोपऱ्यातल्या डब्यात पडलेलेच असते.

आणणे आणि पहिला आठवडा

सपाट पटाच्या कंपाउंड फीडचे नुसते डोके ३५–४० किलोचे, ४४१ वर्गाचे त्याहून बरेच जास्त. मोटारीचा पट्टा काढा, डोके बिजागरीवरून उचला, दोन माणसांनी पटाखाली आणि हाताखाली धरून. चाकाला किंवा सुईच्या बाजूला धरून उचलू नका. पायाखाली फोमचा तुकडा दाबून ठेवा म्हणजे दाते आणि पाय एकमेकांवर आपटत नाहीत. छोट्या हत्तीत डोके उभेच ठेवा, गादीवर, दोरीने बांधून. मोटार टेबलाला लटकती ठेवून प्रवास करू नका, ठाण्यातल्या रस्त्यांवर बोल्ट प्लाय फाडून येतात. नुसते डोके घेतले असेल तर टेबलाची खाच त्याच मापाची आहे का ते आधी बघा, प्रत्येक वर्गाची वेगळी असते. मालाच्या लिफ्टची आणि घराच्या दाराची रुंदीही.

घरी आल्यावर रॉकेल किंवा टर्पेंटाइनने जुना गोंद धुवा, चाक हाताने फिरवत. पूर्ण सुकल्यावर शिलाई मशीनचे पांढरे तेल प्रत्येक छिद्रात दोन थेंब. खोबरेल अजिबात नको, आठवड्यात चिकट होते. गंज सोडवायचा स्प्रे हे तेल नव्हे, तो मारला तर वर तेल द्यावेच लागते. धागा न लावता, पाय वर ठेवून दहा मिनिटे हळू चालवा, पुसा, पुन्हा तेल द्या. पट्ट्याला बोटाने दाबले तर दीड-दोन सेंटिमीटर आत जावा. दुसऱ्या दिवशी सगळे स्क्रू पुन्हा तपासा, प्रवासात एखादा तरी ढिला होतोच.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज काम संपले की सुईदांडी, पायाची दांडी आणि प्लेटवर तेलाचा हात फिरवा, पायाखाली चामड्याचा तुकडा ठेवू नका, कारण चामडे ओल धरून प्लेटवर तांबूस डाग पाडते. त्याऐवजी सुती कापड ठेवा. सर्वोचा प्लग काढून ठेवा आणि तिची कंट्रोल पेटी जमिनीपासून फूटभर तरी वर बसवा.